इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक: धरतो घट्ट, सोडताना अडतो

प्रश्न असा आला आहे: घरात दहा वर्षं जुनी, हँडब्रेकचा दांडा असलेली गाडी आहे. ती काढून ऑटोमॅटिक घ्यायची आहे. पसंत पडलेल्या गाडीच्या वरच्या व्हेरियंटला दांड्याऐवजी बटण आहे. गाडी जास्त करून सत्तरीतले बाबा चालवणार. शोरूममधला मुलगा सगळे फायदेच सांगतो, शेजारचे काका म्हणतात त्या बटणाच्या भानगडीत पडू नका. तर खरे तोटे कोणते?

मी नागपुरात मानेवाडा भागात २६ वर्षांपासून गॅरेज चालवतो. मारुती ८०० च्या हँडब्रेकची केबल बदलण्यापासून सुरुवात केली, आज बटणवाल्या गाड्या रोज येतात. एवढ्या काळात ‘इलेक्ट्रॉनिक ब्रेक धरत नाही’ अशी तक्रार माझ्याकडे फार थोडी आली. येते ती उलटीच. फोनवर गिऱ्हाईक म्हणतं, ‘भाऊ, गाडी चालू नाही होऊन राहिली, अन् ढकलतो म्हटलं तर हलून पण नाही राहिली.’ हे फोन बहुतेक एप्रिल-मे मध्ये येतात, आणि बऱ्याचदा दोष ब्रेकचा नसतोच, बॅटरीचा असतो. म्हणून आपल्या गावात राहणाऱ्या माणसाने या ब्रेकचे तोटे मोजायला बॅटरीपासूनच सुरुवात करावी.

त्याआधी आत काय आहे ते थोडक्यात. दांडा ओढला की केबल ताणली जाते आणि मागच्या ड्रममधले लायनर किंवा कॅलिपरचा (चाकाच्या डिस्कला पॅडने आवळणाऱ्या चिमट्याचा) आर्म ओढला जातो. सगळा खेळ हाताच्या जोराचा. इलेक्ट्रॉनिक ब्रेक महागड्या गाड्यांत आला तो २००१ च्या सुमारास, बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजसारख्या गाड्यांतून. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत एक मोटर फक्त केबल ओढायचं काम करायची. आपल्याकडे सर्वसाधारण गिऱ्हाइकाला तो ओळखीचा झाला २०१७ च्या जीप कंपासपासून, आणि २०२० च्या क्रेटानंतर तर घरोघरी. आता बहुतेक गाड्यांत केबलच नसते. मागच्या दोन्ही कॅलिपरच्या पाठीवर एकेक छोटी मोटर बसवलेली असते. ती गिअरमधून एक स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टन पुढे ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळले जातात. या स्क्रूचे आटे असे असतात की मोटर थांबली तरी तो आपोआप उलटा फिरत नाही. वीज लागते ती फक्त आवळताना आणि सोडताना. त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली तरी उभी गाडी घरंगळत नाही, ही चांगली गोष्ट. पण त्याच कारणाने मेलेल्या बॅटरीवर ती सुटतही नाही, आणि बहुतेक तोटे इथूनच निघतात.

आता आपलं ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि ४४-४५ तर दर वर्षीचंच. बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. लेड-ॲसिड बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. आतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. तीच बॅटरी थंड गावात पाच वर्षं जाईल, इथे तिसऱ्या उन्हाळ्यात मान टाकते. त्यात शाळेला सुट्ट्या लागल्या की घरचे पंधरा-वीस दिवस गावाला जातात आणि गाडी उन्हात उभी. परत येऊन बघतात तर दरवाजासुद्धा रिमोटने उघडत नाही. दांड्याची गाडी असती तर दांडा खाली, गिअर न्यूट्रल, दोघांनी ढकलून सावलीत. इथे मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम, आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअरही ‘पी’ (पार्किंग) मध्ये अडकलेला.

बॅटरी अर्धमेली असते तेव्हाचा प्रकार मला जास्त खटकतो, कारण त्यात लोकांचे पैसे फुकट जातात. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज एकदम खाली येतो. धडधाकट बॅटरी ते सहन करते, थकलेली करत नाही. त्या क्षणी ब्रेकच्या कंट्रोल युनिटला कमी व्होल्टेज दिसतो आणि ते पिवळा दिवा लावून मोकळं होतं: पार्किंग ब्रेकमध्ये बिघाड. मागच्या वर्षी एक निवृत्त शिक्षक काका आले. एका ठिकाणी त्यांना दोन्ही मोटरी बदलायला सांगितल्या होत्या, अंदाजपत्रक पाच आकड्यांत. मी मल्टिमीटर लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर ११.९ व्होल्ट. चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत. बॅटरी बदलली, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला, दिवा आजतागायत लागला नाही. दिवा लागला की आधी बॅटरी, मग तिचे टर्मिनल आणि अर्थिंग, मग चाकाजवळचे कनेक्टर, आणि सगळ्यात शेवटी मोटर. हा क्रम कोणी उलटा करत असेल तर गाडी तिथून हलवा.

बॅटरी मेली तर करायचं काय? जंप केबल लावा, दोन-चार मिनिटं दुसऱ्या गाडीवर चार्ज होऊ द्या, इग्निशन चालू करा, ब्रेक पेडलवर पाय ठेवा आणि बटणाने ब्रेक सोडा. स्टार्टरला लागणाऱ्या वीजेच्या मानाने या मोटरींना फार थोडी लागते, त्यामुळे इंजिन सुरू झालं नाही तरी ब्रेक बहुतेक सुटतो. आजकाल लोक लिथियमचा जंप स्टार्टर घेतात. वस्तू चांगली आहे, पण ती मे महिन्यात डिकीत ठेवू नका, बंद गाडीतल्या उष्णतेत लिथियम बॅटरी धोकादायक होते. तो घरात ठेवा, गाडीत साध्या जंप केबल ठेवा.

जंप देताच येत नाही अशी वेळ मी एकदा पाहिली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतरचे दोन आठवडे मी आणि माझी पोरं गाड्या काढण्यातच होतो. एका इमारतीच्या तळघरात अकरा गाड्या चिखलात उभ्या होत्या. दांडेवाल्या गाड्या आम्ही सहा जणांनी ढकलून उतारापर्यंत आणल्या आणि दोराने वर ओढल्या. बटणवाल्या चार होत्या. इंजिन बंद केलं की ब्रेक आपोआप लागतो, ती सोय चारही गाड्यांत होती, म्हणजे मालकाने लावला असो-नसो, ब्रेक लागलेलाच. पाण्यात बुडालेल्या गाडीला बाहेरून वीज द्यायची नसते. वायरिंगमध्ये पाणी असतं, शॉर्ट होऊन आग लागू शकते. मग एकच मार्ग उरतो. मागचं चाक काढायचं, कॅलिपरवरच्या मोटरीचे दोन स्क्रू खोलायचे, मोटर बाजूला करायची आणि आतला स्क्रू पान्याने हाताने उलटा फिरवायचा. गॅरेजमध्ये हे पंधरा मिनिटांचं काम. चिखलात, टॉर्चच्या उजेडात, जॅक रुतत असताना एकेका गाडीला तास-दीड तास लागला. चौथ्या गाडीच्या मोटरीचा स्क्रू गंजून झिजला होता. ती शेवटी चाकांखाली लोखंडी ट्रॉल्या सरकवून ओढावी लागली. तळघरात पार्किंग असलेल्या आणि नदीनाल्याजवळ राहणाऱ्यांनी हा तोटा मनात धरावा. शोरूममध्ये याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढचा तोटा मागच्या पॅडचा. दांड्याच्या ड्रम ब्रेकचं काम गावातला कोणताही मिस्त्री करू शकतो. या ब्रेकला पॅड बदलण्याआधी ‘सर्व्हिस मोड’ मध्ये न्यावं लागतं, म्हणजे स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) आज्ञा देऊन स्क्रू पूर्ण मागे घ्यावा लागतो. काही गाड्यांत पेडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबूनही ते जमतं, पण बहुतेकांना स्कॅनर हवाच. तसं न करता कोणी जुन्या सवयीने सी-क्लॅम्प (हाताने आवळायचा शिकंजा) लावून पिस्टन मागे दाबला तर जोर थेट स्क्रूवर आणि गिअरवर येतो. बऱ्याच मोटरींत आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात, ते तुटतात. माझ्याच गॅरेजमध्ये नवीन लागलेल्या मुलाने हे केलं होतं. गिऱ्हाइकाचा दोष काहीच नव्हता, मोटर मी माझ्या खिशातून घालून दिली आणि त्या दिवसापासून बटणवाली गाडी आली की मागच्या काचेवर लाल चिकटपट्टी लावायचा नियम केला. दुसरी भीती बोटांची आहे. कॅलिपर उघडा असताना कोणी इग्निशन लावलं किंवा बटण ओढलं तर पिस्टन पुढे येतो, आणि मध्ये बोट असेल तर ते चिरडतं. काम संपेपर्यंत किल्ली माझ्या खिशात असते.

याचा तुमच्यासाठी अर्थ इतकाच की मागच्या ब्रेकचं काम करून घेताना दोन प्रश्न विचारायचे: स्कॅनर आहे का, आणि पॅड बदलल्यावर ब्रेकला नवं माप शिकवता का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर काम देऊ नका. खर्चाचा फरकही ध्यानात ठेवा. साध्या गाडीच्या हँडब्रेक केबलचं बिल कोणाच्या डोक्यावर बसत नाही. मोटरसकट कॅलिपर मात्र हजारांत जातो, आणि वॉरंटी संपल्यावर तो खर्च तुमचाच.

कारखान्यातून निघालेला दोषही नाकारता येत नाही. एप्रिल २०१७ मध्ये टेस्लाने मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे ५३,००० गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण पार्किंग ब्रेकच्या कॅलिपरमधला एक छोटा गिअर नीट बनलेला नव्हता आणि त्यामुळे ब्रेक लागल्यावर अडकून बसू शकत होता. तिथेही भीती गाडी न सुटण्याचीच होती.

आमच्या इतवारीच्या किंवा बर्डीच्या बाजारात गाडी लावणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते. तिथे पार्किंगवाला सांगतो, ‘भाऊ, न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक नका लावू.’ म्हणजे मागची गाडी काढायला त्याला तुमची ढकलता येते. लग्नाच्या लॉनवरही तेच. बटणवाली ऑटोमॅटिक तिथे बहुधा ठेवता येत नाही, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद झालं की ब्रेक लागतो. मग तुम्ही एक तर किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देता, किंवा दूरवर जागा शोधता. काही गाड्यांत ही आपोआप लागण्याची सोय बंद करता येते, ती कशी ते गाडीच्या पुस्तकात असतं. टोइंगच्या वेळीही हेच ध्यानात ठेवा. पुढची चाकं उचलून ओढायला लागले तर मागचे टायर रस्त्यावर घासत जातात. क्रेनवाल्याला आधी सांगा की ब्रेक बटणाचा आहे, आणि शक्यतो सपाट ट्रॉलीची गाडी मागवा.

पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पॅड ओल्या डिस्कला गंजाने चिकटतात. हे दांड्याच्या गाडीतही होतं, पण तिथे दांडा खाली करून, गिअर टाकून, चाकाला दगड लावून जायची सवय जुन्या लोकांना असते. बटणाच्या गाडीत ब्रेक आपोआप लागतो म्हणून कोणी विचारच करत नाही.

आता ज्याला लोक तोटा म्हणतात पण माझ्या मते जो तोटा नाही, त्याबद्दल. ‘चालत्या गाडीत ब्रेक फेल झाला तर दांडा ओढता येतो, बटणाने काय होणार?’ असं पुष्कळ जण विचारतात. बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत बटण ओढून धरलं की गाडी ईएससीच्या (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपाने चारही चाकांना ब्रेक लावते आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागं असल्यामुळे चाकं घसरत नाहीत. बटण सोडलं की ब्रेक सुटतो. घाबरून दांडा खेचला तर फक्त मागची चाकं जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते, ते मी अपघातग्रस्त गाड्यांवरून ओळखतो. ब्रेक ऑइलच गळून गेलं असेल तर मात्र भर मागच्या मोटरींवरच येतो, आणि तेव्हा थांबायला जास्त अंतर लागतं.

हाताला येणारी जाणीव मात्र खरोखर गेली, आणि तिची मला खंत आहे. दांडा ओढताना किती कटकट वाजली, शेवटी किती घट्ट झाला, यावरून केबल सैल झालीय की लायनर संपलंय ते चालवणाऱ्याला कळायचं. सहाऐवजी नऊ कटकट वाजल्या की माणूस माझ्याकडे यायचा. बटण रोज सारखंच वाटतं. आतला भाग झिजत असताना ते काहीच सांगत नाही, आणि एक दिवस थेट दिवा लागतो. चढावर थोडा सोडायचा, थोडा धरायचा, हे कौशल्यही आता हाताचं राहिलं नाही. नागपूर सपाट आहे, इथे चढ म्हणजे उड्डाणपूल. पण रामटेकला गडमंदिराच्या वाटेवर गर्दी अडली किंवा चिखलदऱ्याच्या घाटात मागे बस उभी असली की मॅन्युअल गिअर आणि बटणाचा ब्रेक ही जोडी नवख्याला घामटं फोडते. ऑटोमॅटिकला हा त्रास जवळपास नाही.

उभं राहण्याच्या ताकदीबद्दल शंका ठेवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमानुसार पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के चढावर, म्हणजे पाच मीटरला एक मीटर उंचीवर, धरून ठेवायला हवी. पचमढीहून उतरल्यावर डिस्क तापलेल्या असतात. थंड होताना त्या आकसतात आणि पकड ढिली पडते. दांड्याच्या गाडीत हे कोणाला कळत नाही. बऱ्याच बटणवाल्या गाड्या काही मिनिटांनी स्वतःहून पुन्हा आवळतात. बंद गाडीतून मागून ‘घर्र’ असा आवाज येतो म्हणून घाबरून फोन करणारी गिऱ्हाइकं मला दर उन्हाळ्यात भेटतात. तो आवाज चांगला आहे.

बाबांच्या बाबतीत मला काळजी आहे ती ऑटो होल्डची. सिग्नलवर पाय काढला तरी गाडी थांबून राहते, ते पार्किंग ब्रेकमुळे नाही. तो पेडलच्या ब्रेकचा दाब धरून ठेवलेला असतो. दोन्हींचे दिवे वेगळे असतात, बऱ्याच गाड्यांत ऑटो होल्डचा हिरवा आणि पार्किंगचा लाल गोलातला ‘पी’. चाळीस वर्षं दांडा ओढून उतरलेल्या माणसाला थांबलेली गाडी म्हणजे लावलेली गाडी वाटते. पट्टा काढला किंवा दार उघडलं की बहुतेक गाड्या स्वतः पार्किंग ब्रेक लावतात, पण त्या भरवशावर बाबांना सोडू नका. त्यांना एकच क्रम शिकवा: पेडलवर पाय, बटण ओढायचं, लाल दिवा बघायचा, मग गिअर ‘पी’ मध्ये, मग पाय काढायचा. या क्रमाने गाडीचं वजन ब्रेकवर राहतं, गिअरबॉक्समधल्या छोट्या खुंटीवर येत नाही. दुसरीकडे, खांदा दुखणाऱ्या माणसाला दांडा पूर्ण ओढता येत नाही आणि अर्धवट ओढलेला दांडा फार धोक्याचा. बाबांचा हात कमजोर असेल तर बटण त्यांच्यासाठी चांगलंच आहे.

म्हणून शेजारच्या काकांचं पूर्ण ऐकू नका. ऑटोमॅटिक घेताय आणि बाकी व्हेरियंट आवडलाय, तर बटणासाठी तो सोडू नका. मॅन्युअल घेणार असाल आणि गाडी वर्षातून पाच-सहा वेळा गडचिरोलीच्या आतल्या भागात किंवा मेळघाटात जाणार असेल, जिथे स्कॅनरवाला मिस्त्री सापडणं कठीण, तर मी अजूनही दांडा घेईन.

घेतलीत तर दर मार्चमध्ये बॅटरीची लोड टेस्ट (भार देऊन ताकद तपासणं) करून घ्या आणि तिसरा उन्हाळा लागण्याआधी ती बदलायची तयारी ठेवा. महिनाभर बाहेर जाणार असाल तर शेजाऱ्याकडे किल्ली द्या, आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटं फिरवायला सांगा. आणि पैसे भरण्याआधी टेस्ट ड्राइव्हला बाबांना घेऊन जा. एखाद्या तळघर पार्किंगच्या उतारावर त्यांना स्वतः गाडी लावू द्या, इंजिन बंद करून उतरू द्या, परत बसून ब्रेक सोडून निघू द्या. असं तीन वेळा. बटण त्यांना न बघता सापडतं का, लाल दिवा चष्म्यातून उन्हात दिसतो का, हे तिथेच बघा. दिवा दिसत नसेल तर दुसरी गाडी बघा.